आत घेतलेली शिवण

३ मार्च

ही वही आज वहिनींनी हातात ठेवली. म्हणाल्या, "मापं यात लिहायची. चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं. म्हणजे कुठे चुकलो ते कळतं." तेव्हा पुढच्या बाजूने मापं आणि मागच्या बाजूने माझी गाऱ्हाणी अशी मी वाटणी केली आहे. वहिनी कुठलीही वही पहिल्या पानापासून वाचतात, त्यामुळे इकडे पोचायला त्यांना वेळ लागेल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. खाली आमचा गणवेश शिवण्याचा कारखाना, वर दोन्ही बिऱ्हाडं. दवाखाने, शाळा, हॉटेलं, सगळ्यांचे गणवेश आम्ही शिवतो. वहिनी कापतात, मी आणि आणखी पाच जणी शिवतो, काजवाल्या मावशी काजं-बटणं करतात, थोरले भाऊजी मशीनं दुरुस्त ठेवतात आणि आमचे हे गाडीतून माल पोचवतात. अकरा वर्षं असंच चाललं आहे आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. तरी आज सकाळी वहिनींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "उद्यापासून धाकटी माझ्याबरोबर टेबलाशी उभी राहणार. कापायला शिकणार."

मला कुणी विचारलं? कुणीही नाही. मी म्हटलं, "वहिनी, मी शिवलेली कॉलर आवडेनाशी झाली का?"

"कॉलर उत्तम आहे. म्हणून तर," त्या म्हणाल्या आणि कात्रीला तेल द्यायला लागल्या. याचा अर्थ काय तो त्यांनाच ठाऊक.

९ मार्च

पायांचे तुकडे पडले. मशीनवर निदान बसायला तरी मिळतं.

पण एक कबूल करायला हवं. इतक्या वर्षांत मी वहिनींना कापताना जवळून बघितलंच नव्हतं. माझ्याकडे यायचे ते कापलेले तुकडे. कापडाचे बारा थर, वर खडूची एक रेघ, आणि ती मोठी कात्री एकदा आत शिरली की मुंढ्याचं वळण पुरं केल्याशिवाय थांबत नाही. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई. दिसायला काहीच नाही, पण ती चुकली तर माणसाला हात वर करता येत नाही. वहिनी म्हणतात, नर्सला दिवसातून शंभरदा हात वर करावा लागतो, म्हणून तिचा मुंढा शाळेतल्या बाईंपेक्षा वेगळा कापायचा. हे त्या कुठल्या वर्गात शिकलेल्या नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी नर्सा बघितल्या आहेत.

दवाखान्याचा बाक त्यांना चांगला परिचयाचा आहे. पोटाचा जुना आजार. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. मी लग्न होऊन आले तेव्हा फार जोरात होता. रक्त पडायचं, दिवसातून दहा वेळा धावावं लागायचं, आणि तेवढ्यातही ही बाई परत येऊन जिथे रेघ सोडली तिथूनच कापायला लागायची. आता बरीच वर्षं गोळ्यांवर शांत आहे. तपासणीला त्या एकट्याच जातात. मी एकदा सोबत येते म्हटलं तर, "दोघींनी बाकावर बसून काय करायचं? एकीने तरी काम करावं," असं उत्तर मिळालं. मी पुन्हा विचारलं नाही. मलाही मान आहे.

२१ मार्च

आज मी बारा शर्टांच्या चोवीस बाह्या कापल्या आणि चोवीसही डाव्या हाताच्या निघाल्या. कापडाची घडी उलटायची राहिली. काजवाल्या मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातली सुई खाली पडली आणि आम्ही सगळ्या अर्धा तास ती शोधत होतो.

वहिनी हसल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. त्यांनी बारा बाह्या बाजूला काढल्या, उरलेल्या बारा माझ्यासमोर पसरल्या आणि म्हणाल्या, "यातून बारा खिसे आणि बारा कॉलरी निघतात. काढ." संध्याकाळपर्यंत मी त्या काढत बसले. एक चिंधीही वाया गेली नाही. असं माणूस घरात असलं की रागवायचीही सोय राहत नाही.

१४ एप्रिल

वहिनींना खाज सुटते आहे. तळहात आणि तळपाय, संध्याकाळ झाली की जास्त. अंगावर पुरळ नाही, काही नाही. परवा त्या टेबलाच्या कडेवर तळहात घासत होत्या, आणि वर मलाच सांगत होत्या की रेघेवर लक्ष दे.

कारण उघड आहे. शाळेच्या गणवेशाचं ते नवं निळं कापड. त्याला इतकी खळ आहे की तागा उभा केला तर उभा राहतो. मी गेल्या आठवड्यात दोन तागे गच्चीवर नेऊन धुतले, पिळले, वाळवले. दोन दिवस खांदे दुखत होते. कापडवाल्याला फोन करून चार गोष्टी सुनावल्या. तो बिचारा शपथा घेत होता की बाकी कुणाचीच तक्रार नाही. भाऊजींच्या मते मशीनच्या नव्या तेलाने होत असेल. मावशींच्या मते खडूने.

वहिनी म्हणाल्या, "धुवून बघ हवं तर." खाज काही गेली नाही. आता अस्तराचं कापड धुवायचं ठरवलं आहे.

२ मे

वहिनी हल्ली उंच स्टुलावर बसतात आणि मला उभं करून कापायला लावतात. मुकादम झाल्या आहेत. दुपारी जेवण झालं की भिंतीला डोकं टेकून डोळे मिटतात, आणि तशाच अवस्थेत म्हणतात, "कात्री उचललीस. का उचललीस?" त्यांना आवाजावरून कळतं! मी कात्री मध्येच उचलली, की सरळ ओढली, की कापड धरताना अंगठा चुकला, सगळं मिटल्या डोळ्यांनी कळतं. मी मनातून हात जोडले आणि तोंडाने म्हटलं, "बसल्या जागी हुकूम सोडायला बरं आहे."

काल शनिवार, म्हणजे आमच्या स्वतःच्या कपड्यांचा दिवस. वहिनींचा राखाडी ड्रेस नेहमीप्रमाणे माझ्या मशीनवर ठेवलेला होता, दोन्ही कडांना खडू लावलेला. मी दोन्ही बाजूंनी शिवण मारून आत घेतला. त्यांच्याकडे असे पाच राखाडी ड्रेस आहेत, सगळे स्वतः कापलेले, आणि पन्नाशी उलटली तरी कसे अंगासरशी बसतात! नाहीतर मी. मला दर वर्षी शिवण उसवून कापड सोडावं लागतं. देव सगळ्यांना सारखं देत नाही.

१९ मे

नव्या दवाखान्याच्या नर्सांचे दोनशे गणवेश. तीस जूनला द्यायचे आहेत, आणि वहिनींनी कापण्याचं काम सगळं माझ्यावर टाकलं. आज चौथ्यांदा पाठीचा भाग परत आखायला लावला. मी वैतागून म्हटलं, "अहो, अजून जवळजवळ दीड महिना आहे. एवढी घाई कशाला?"

"मला घाई आहे," त्या म्हणाल्या.

घाई त्यांना, आणि घाम मला. पण पाठ चौथ्या वेळी चांगली आली. त्यांनी हात फिरवून बघितली आणि काहीच बोलल्या नाहीत. वहिनी काही बोलल्या नाहीत म्हणजे शाबासकी असते. मी दिवसभर हवेत होते.

६ जून

दवाखान्याच्या बाकावर लिहिते आहे म्हणून अक्षर असं आहे.

दुपारी दोनच्या सुमारास टेबलावरची कात्री खडखड वाजायला लागली. मला वाटलं भाऊजी कुठलं मशीन चालवून बघत आहेत. वळून बघितलं तर वहिनी टेबलाची कड धरून उभ्या होत्या आणि सगळं टेबल त्यांच्या कापण्याने हलत होतं. दात वाजत होते. आम्ही अंगावर कापड टाकलं, मग तागाच गुंडाळला, तरी हुडहुडी जाईना.

"जाईल अर्ध्या तासात," त्या म्हणाल्या.

"जाईल म्हणजे? आधी आली होती?"

मावशींनी मला बाजूला सारलं, वहिनींना हाताला धरून दारापाशी उजेडात नेलं आणि त्यांच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने खाली ओढली. मावशी एरवी कधी बोलायच्या थांबत नाहीत. आज एवढंच म्हणाल्या, "धाकटे, गाडी काढायला सांग."

डोळे पिवळे झाले होते. मी रोज त्या डोळ्यांसमोर आठ आठ तास उभी असते. मी टेबलाकडे बघत होते.

७ जून

आज खूप लिहायचं आहे.

वहिनींना दवाखान्यात ठेवलं आहे. सलाईनमधून औषध चालू आहे, ताप उतरला. पोटाच्या डॉक्टरीणबाई सकाळी आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण आवाज वहिनींसारखा, वाद घालू नये असा. त्यांनी आधी वहिनींना झापलं. "चौदा महिने! चौदा महिने तुम्ही तोंड दाखवलं नाहीत." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला यांनी काही सांगितलं होतं का?"

भाऊजी म्हणाले, "काय सांगायचं? पोटाचा त्रास तर आता नाही."

मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. यकृतात पित्त तयार होतं, ते आतड्यात नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. वहिनींच्या त्या नळ्या सुजतात, त्यांना आतून व्रण धरतात आणि त्या जागोजागी आकसत जातात. पित्त पुढे सरकत नाही. खाज त्यानेच सुटते, थकवा त्यानेच येतो, आणि तुंबलेल्या जागी जंतू वाढले की कालच्यासारखा ताप. ज्यांना आतड्याचा असा आजार असतो त्यांच्यापैकी थोड्या जणांना हा होतो. आतडं अगदी शांत असतानाही होतो. का होतो, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. मुळापासून बरं करणारं औषधही नाही.

"हे यांना दोन वर्षांपूर्वीच कळलेलं आहे," त्या म्हणाल्या.

भाऊजी खुर्चीत बसले. मी वहिनींकडे बघितलं, तर त्या छताकडे बघत होत्या. मी तागे धुतले! त्यांना ठाऊक होतं आणि मी गच्चीवर बसून दोन दोन तागे धुतले!

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय? हळूहळू, की एवढ्यात अचानक? मधल्या काळातली नोंदच नाही माझ्याकडे. आणि मला ते कळणं फार गरजेचं आहे." भाऊजी लगेच म्हणाले, "छे हो, वजन कुठे उतरलंय? कपडे बघा ना, जसेच्या तसे बसतात अंगाला."

तेव्हा मला तो खडू आठवला.

दुसऱ्या कुठल्याही घरात बाई वाळली तर कपडे लोंबायला लागतात. शेजारणी विचारतात, नवरा विचारतो. आमच्याकडे लोंबणार कसे? अधूनमधून खडू लावलेला ड्रेस माझ्या मशीनवर यायचा आणि मी शिवण मारून मोकळी व्हायचे. खडू दिसला की शिवायचं, का म्हणून विचारायचं नाही, ही आमच्या कारखान्याची शिस्त. ती शिस्त मी इतकी पाळली की त्यांचं वाळणं मीच माझ्या हाताने झाकलं.

मी बसने घरी गेले. पाचही ड्रेस उलटे करून टेबलावर पसरले. प्रत्येकाच्या आत कडेला शिवणींच्या रेघा, एकीच्या आत एक. धागा माझा, टाका माझा. पहिली रेघ गेल्या वर्षीच्या मेमधली, हे मला पक्कं आठवतं, कारण तेव्हा राखाडी दोरा संपला होता आणि मी काळा वापरला होता. दुसरी डिसेंबरातली, नवीन मशीनची, तिचा टाका बारीक आहे. या दोन्ही अर्ध्या अर्ध्या इंचाच्या. मग एप्रिल संपेपर्यंत काही नाही. आणि त्यानंतर महिन्याभरात दोन रेघा, एकेक इंचाच्या.

एक ड्रेस पिशवीत घालून तशीच परत गेले आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उलटा ठेवला. कुठली रेघ कधीची ते सांगितलं. त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडून तारखा आणि इंच लिहून घेतले, खाली माझी सही घेतली.

"म्हणजे आधी हळूहळू आणि मग एकदम," त्या म्हणाल्या. "एखादी नळी एवढ्यात फारच आवळली आहे. नुसती आकसली आहे, की तिथे काही वाढतंय, ते बघावं लागेल."

"काही म्हणजे?"

"कर्करोग. या आजारात ती भीती असते. असेलच असं नाही."

त्यांनी ते सरळ सांगितलं म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१० जून

आज ते करायचं होतं. तोंडातून दुर्बीण खाली सोडायची, आवळलेल्या जागी छोटा फुगा फुगवून वाट मोकळी करायची आणि बारीक ब्रशने तिथला नमुना खरवडून घ्यायचा. वहिनी पलंगावर दवाखान्याचा गाउन घालून बसल्या होत्या. पिवळ्या, थकलेल्या. मी मनात देवाला हाक मारत होते, आणि वहिनी गाउनच्या पाठीमागचे बंद चाचपत होत्या.

"हा कुणी कापलाय?" त्यांनी न्यायला आलेल्या नर्सला विचारलं.

"माहीत नाही बाई. असाच येतो."

"बंद मानेच्या मधोमध लावलेत. निजलेल्या माणसाला ते टोचतात. चार बोटं डावीकडे घ्यायला हवेत. आणि तुझा मुंढा तोकडा आहे, हात वर कर बघू. बघ, सगळा सदरा वर आला. धाकटे, वहीत लिहून घे."

मी लिहून घेतलं. वहीच्या पुढच्या बाजूला आहे ते, आजच्या तारखेने. नर्स हसत होती आणि वहिनींची चाकांची खाट ढकलत होती. दार बंद झाल्यावर भाऊजींनी माझ्या हातातली वही घेतली, ती ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले. अशी बाई मी दुसरी बघितली नाही. सत्कारात लोक असं बोलतात, पण मला हे कोरड्या मनाने लिहायचं आहे: मी दुसरी बघितली नाही.

दीड तासाने बाहेर आणलं. फुगा नीट बसला. नमुन्याचं उत्तर आठवड्याने.

१३ जून

दोनशे गणवेश कुणासाठी थांबत नाहीत. मी एकटी कापते आहे. आज शंभर पुरे झाले. मागून कुणी "कात्री का उचललीस" म्हणत नाही, आणि मीच मनात म्हणते. मावशी आज काजं करता करता म्हणाल्या, "तू अगदी तिच्यासारखी उभी राहतेस." मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. नंतर वाईट वाटलं म्हणून चहा करून दिला.

खाज थांबली आहे म्हणे. डोळे निवळत आहेत.

१७ जून

कर्करोग नाही!

भाऊजींनी दोनदा विचारून घेतलं. नाही म्हणजे नाही. आमच्या ह्यांनी दवाखान्याच्या आवारातच मला मिठी मारली, लग्नानंतर प्रथमच चारचौघांत.

पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पुन्हा खाली बसवलं. "हा आजार गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "वाट मोकळी केली, इतकंच. कुणी याच्याबरोबर वीस वर्षं काढतं, कुणाचं यकृत पाच वर्षांत बदलावं लागतं. तुम्ही कुठल्या गटात ते मी आज सांगू शकत नाही. पण दर सहा महिन्यांनी आलात तर वेळेवर काहीतरी करता येईल. आतड्याची दुर्बीण वर्षातून एकदा. आणि ताप आला की अर्धा तासही थांबायचं नाही."

वहिनींनी शाळकरी मुलीसारखी मान हलवली. मला ते मान हलवणं खरं वाटलं नाही.

२६ जून

वहिनी घरी आल्या. आज दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी त्यांना गाठलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? औषध तर नाही."

"निदान मी तागे तरी धुतले नसते!"

त्यावर त्यांना हसू फुटलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी कळलं तेव्हा पहिलं वर्ष त्या नुसत्या घाबरून गेल्या. वहिनी आणि घाबरून! दर तपासणीला जायचं आणि तेच ऐकायचं, म्हणून जाणंच सोडलं. मग त्यांनी विचार केला की हातात नक्की किती वेळ आहे माहीत नाही, तर आपल्यामागे कारखाना कोण धरणार? "तुझे भाऊजी मशीन बघतात. कापड नाही बघत. बाकीच्या जणी चांगल्या आहेत, पण कापड बिघडलं तर त्यांना राग येत नाही. तुला येतो. तुला कापायला शिकवलं की मी मोकळी, असं ठरवलं."

"आणि ते खडूचे ड्रेस?"

"वाळलेली दिसले असते तर सगळ्यांनी मला कामाला हात लावू दिला नसता. मग शिकवलं कधी असतं?"

मी म्हटलं, "तुम्ही फार वाईट आहात." त्या म्हणाल्या, "आहे." आणि आम्ही डबा उघडून जेवलो.

मार्चपासून मी हे पानामागून पान भरते आहे की वहिनी मुकादम झाल्या, वहिनींना घाई आहे. वाचून मला माझीच लाज वाटते. आधी कॉलरी बघून, मग बाह्या बघून, मग मिटल्या डोळ्यांनी ऐकून त्या मला तयार करत होत्या, ते त्यांच्यामागे कारखाना धरण्यासाठी.

१५ जुलै

गणवेश वेळेवर गेले. एकही परत आला नाही.

वहिनींच्या अंगावर जरा मांस आलं आहे. पण मला त्यांचं लक्षण ठीक वाटत नाही. फार शांत झाल्या आहेत. गिऱ्हाइकांचे फोन मला घ्यायला लावतात. मावशींना सांगत होत्या, पुढचं धाकटीला विचारायचं. काल आपली मोठी कात्री कापडात गुंडाळून मला द्यायला आणली, "आता तुझीच." मी घेतली नाही. हात ओला आहे म्हटलं. सगळं आवरून ठेवलेल्या घरात बसावं तशा त्या टेबलाशी बसतात. जेवण अर्धं सोडतात. डिसेंबरची तपासणी म्हटलं की, "बघू तेव्हा," म्हणतात.

दोनशे गणवेश मी एकटीने कापले, त्याचा हा परिणाम. त्यांचं काम संपलं.

२९ जुलै

आज मी मुद्दाम मुंढा चुकवला.

कापडाच्या शेवटच्या तुकड्यावर, नुकसान होणार नाही अशा ठिकाणी. वहिनी स्टुलावरून उठल्या, टेप घेतला आणि अर्धा तास मला समजावत उभ्या राहिल्या. आवाज चढला. नाक लाल झालं. मग म्हणाल्या, "भूक लागली बाई," आणि पूर्ण जेवल्या.

११ ऑगस्ट

या दोन आठवड्यांत मी चुकवलं ते: तीन मुंढे, एक कॉलर, दोन खिसे (एक उलटा), आणि एकदा परत सगळ्या बाह्या डाव्या. मावशींना संशय आला आहे. मला एकीकडे ओढून म्हणाल्या, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातून सहा काजं उलट्या बाजूला झाली. वहिनी दोघींवर कडाडल्या. किती बरं वाटलं ऐकून.

२० ऑगस्ट

आज पकडली गेले.

सकाळी शर्टाचा पुढचा भाग कापून त्यांच्यासमोर ठेवला. वहिनींनी त्यावरून हात फिरवला, टेप लावला, परत लावला, आणि टेप गळ्यात अडकवून म्हणाल्या, "ही चूक तुझी नाही."

"मग कुणाची?"

"जिला सगळं येतं तिची. डाव्या मुंढ्याला पाव इंच जास्त आणि उजव्याला बरोबर पाव इंच कमी. जिला येत नाही तिचं इतकं मोजून चुकत नाही. तीन आठवडे बघते आहे मी. का करतेस हे?"

बाकीची मशीनं थांबली होती. जे होतं तेच मी बोलले. "माझं शिकून झालं की तुम्ही मोकळ्या होणार, असं तुम्हीच म्हणालात. मला तुम्हाला मोकळं करायचं नाही. मला कारखाना नको. मला तुम्ही हव्यात." आणि मग सगळ्यांसमोर मी गळा काढला, अगदी लहान मुलीसारखा.

वहिनींनी त्या कापडाची घडी घातली, कडा जुळवल्या, बाजूला ठेवली. मग आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात डिसेंबरच्या तपासणीची चिठ्ठी होती. ती त्यांनी टेबलासमोरच्या भिंतीवर, मापांच्या तक्त्याशेजारी, टाचणीने लावली.

"गणवेश तुला आला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून कोट."

"आपण कोट कुठे शिवतो?"

"शिवत नाही. पण मला येतो. माझ्या वडिलांनी शिकवला. त्याच्या आतलं सगळं हाताने करावं लागतं."

मी विचारलं, "किती दिवस लागतात शिकायला?"

"दिवस? मला दहा वर्षं लागली." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझा वकूब बघता बारा धरू."

मी नाक पुसलं. "पंधरा धरा वहिनी," म्हटलं. "मी फार मठ्ठ आहे."